पिराजीचे नऊ निळे कागद

पुरवणी जबाब. ता. १३ मे १९५७, सोमवार. कोल्हापूर शहर, पोलीस चौकी. सकाळी साडेनऊ वाजता लिहिण्यास सुरुवात केली.

माझे नाव यज्ञेश्वर रामचंद्र हेर्लेकर. वय ४६ वर्षे. धंदा हायस्कुलात भूगोल व मराठी शिकविणे. राहणार राजारामपुरी, कोल्हापूर. मी आपण होऊन चौकीवर हजर राहून सांगतो की, काल संध्याकाळी साडेसात वाजता याच टेबलापाशी बसून मी दिलेला जबाब खोटा आहे. त्यात मी दोन गोष्टी सांगितल्या. वाचनालयाच्या सभागृहातून उचललेले नऊ निळे कागद माझे आहेत ही एक, आणि ते उचलणारी बाई माझ्या ओळखीची नाही ही दुसरी. कागद माझे नाहीत. बाईला मी अकरा वर्षे ओळखतो.

हवालदार केरबा यांनी मला लिहिण्यापूर्वी विचारले की, मास्तर, नोकरीचा विचार केला आहे काय. केला आहे. लिहून घ्यावे.

सदर बाईचे नाव बायडाबाई गुंडू तेऊरवाडकर. वय अंदाजे ५५. मूळ राहणार नेसरी, तालुका गडहिंग्लज. संस्थानच्या वेळी मी तीन वर्षे नेसरीस शाळेवर होतो. तिचा एकुलता एक मुलगा पिराजी तेव्हा माझ्या वर्गात होता. अक्षर बरे, चित्रकला फार चांगली, गणितात दगड. बायडाबाईचे यजमान वारल्यावर शेत दीर करू लागला व ती कोल्हापुरास आली. ती शाहूपुरीत गुळाच्या आडत दुकानी झाडलोट करते आणि राजारामपुरीच्या शेवटच्या गल्लीत एका खोलीत राहते. तिला लिहिता वाचता येत नाही.

सन १९५३ मध्ये पिराजी आईला न विचारता बेळगावास जाऊन पलटणीत भरती झाला. निघताना आई त्याला म्हणाली होती, "गेलास तर परत तोंड दावू नगंस मला." हे सगळ्या गल्लीने ऐकले होते. मला हे बायडाबाईने स्वतः सांगितले, त्याचे पहिले पत्र वाचून घ्यायला आली तेव्हा. सांगताना ती रडली होती. त्यामुळे ही हकीकत मला ठाऊक नव्हती असे मला म्हणता येत नाही.

पिराजी पत्रे माझ्या पत्त्यावर धाडीत असे. बायडाबाई रविवारी सकाळी येई, उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसे. मी तिच्यासमोर पाकीट फोडून वाची व तिथेच ती सांगेल ते उत्तर लिही. वाचून झालेले पत्र ती परत माझ्याच हाती देई. "तुमच्यापाशीच ऱ्हावू द्या गुर्जी, माझ्या खोलीत उंदरं लई हाईत." मी ती कपाटात ठेवीत असे. या कामाबद्दल शेजारीपाजारी माझे कौतुक करीत, व ते मला आवडे.

सन १९५५ मध्ये पिराजीची व्हिएतनाम देशात रवानगी झाली. तिकडची लढाई थांबल्यावर देखरेखीसाठी जे आंतरराष्ट्रीय कमिशन बसले, त्यात आपली माणसे आहेत. पिराजी तिथे मोटार चालवितो. पुढल्या वर्षी फेब्रुवारीत त्याच्या एका साहेबांना किनाऱ्या-किनाऱ्याने तिथली शहरे बघायची हौस आली. पिराजीने त्यांना जीपमधून सायगॉनहून हुएपर्यंत व शेवटच्या दिवशी थोडे पुढे नेले. नऊ दिवस लागले. रोज मुक्कामावर पोचल्यावर तो एक कागद लिही. असे नऊ कागद एका जाड पाकिटातून मला मार्चमध्ये आले.

ता. १८ मार्च १९५६, रविवार रोजी बायडाबाई आली. त्या दिवशी माझ्याकडे दहा वाजता पाहुणे यायचे होते. मी पाकीट फोडले, पहिल्या कागदावरचा नमस्कार वाचला, मी खुशाल आहे हे वाचले, आणि कागद घडी केले. तिने विचारले, "एवढं जाड पाकीट, आन् एवढंच व्हय?" मी म्हणालो, बाकी तिकडच्या मुलखाचे वर्णन आहे, तुला काय कळणार. ती म्हणाली, "कसला हाय म्हनतो मुलूख?"

मी म्हणालो, "आपल्यासारखाच."

तिने मान हलवली. मग उत्तर सांगितले, "लिवा, हिकडं समदं बेस हाय, जिवाला जप." मी ते कार्डावर लिहिले व त्याच दिवशी पेटीत टाकले.

त्या आठवड्यात मी नऊ कागद एकट्याने वाचले. मी अठरा वर्षे भूगोल शिकवितो. मुंबईच्या पलीकडे मी काही पाहिलेले नाही. पिराजीने जे लिहिले होते तसले मला कधी लिहिता आले नसते, आणि हे मला तेव्हाच कळले. फान थिएत नावाच्या गावात माशाचा रस रांजणात मुरवतात, त्याचा वास जीपच्या आधी गावाबाहेर येऊन भेटतो. तिथल्या बायका कावड खांद्यावर घेऊन दुडक्या चालीने पळतात, डोक्यावर इरल्याचे टोक कापून ठेवावे तशी टोपी. पुढे समुद्राचे पाणी वाफ्यात अडवून मीठ पिकवतात. न्हा त्रांगला टेकडीवर विटांचे जुने देऊळ आहे, आत काळ्या दगडाची दहा हातांची देवी, तिला पिवळे वस्त्र नेसवलेले. पिराजीने तिला हात जोडून आईसाठी मागणे मागितले. काय मागितले ते लिहिले नाही. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात त्याने चित्र काढले होते, टोपी, कावड, देऊळ, होडी. ती चित्रे आईसाठी होती हे सांगायला नको. जिला वाचता येत नाही तिला दुसरे काय धाडणार? मी ती तिला दाखविली नाहीत.

नववा कागद हुएच्या पुढला आहे. तिथे एक नदी आहे आणि नदीवरच्या पुलावर देशाचे दोन तुकडे झाले आहेत. पिराजीने तिथे एक म्हातारी पाहिली. ती रोज दुपारी काठावर येऊन पलीकडे बघत उभी राहते, तिचा मुलगा पलीकडे आहे. हाक मारायची नाही असा हुकूम आहे. त्याखाली त्याने लिहिले आहे, ते कागद समोर असल्याने जसेच्या तसे सांगतो :

"आई, ती म्हातारी बघून मला ऱ्हावंना. मला गणपतीत रजा मिळते. तू म्हणाली होतीस तोंड दावू नगंस. माझी चूक झाली. तू ये म्हटलंस तरच येईन. उत्तरात एवढा एक शब्द गुरुजींना घालायला सांग. शब्द नसला तर मी समजून घेईन. हट्ट करणार न्हाई."

हे मी वाचले तेव्हा माझे कार्ड पेटीत पडून चार दिवस झाले होते. पुढच्या रविवारी बायडाबाई आली. नवव्या कागदाचे तिला सांगायचे तर, मागच्या वेळी मी वाचलेच नव्हते, हेही सांगावे लागणार होते. मी विचार केला की पुन्हा पत्र येईल, तेव्हा बघू. तिने शेंगा आणल्या होत्या. त्या मी घेतल्या.

एप्रिलच्या अखेरीस पिराजीचे पत्र आले. चार ओळी. "तुझा निरोप समजला. रजा घेत नाही. प्रकृतीस जपणे." मी हे तिला वाचून दाखविले. तिने विचारले, "कसला निरोप? म्या कवा दिला?" मी म्हणालो, पत्रात असे लिहायची पद्धत असते. "आन् रजा?" मी म्हणालो, मिळत नसेल. त्यानंतर त्याची पत्रे चार ओळींच्या वर गेली नाहीत. यंदा आणखी एक वर्ष तिकडेच राहण्यास त्याने कबुली दिली. गेल्या गौरी-गणपतीत बायडाबाई नेसरीस जाऊन घर सारवून आली होती. कुणी सांगितले नव्हते. आल्यावर म्हणाली, "वाटलं, येतोय का काय."

आता व्याख्यानाचे सांगतो. गेल्या साली मेच्या सुरुवातीपासून मी सहा आठवडे गावात नव्हतो. मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेस गेलो होतो व नंतर तिथेच बहिणीकडे पालथा पडून होतो. हे चारचौघांत सांगायची लाज वाटली म्हणून शाळेत "जरा लांब गेलो होतो" असे म्हटले. (हवालदारांनी हे लिहिण्याचे कारण नाही असे सांगितले. माझ्या विनंतीवरून लिहिले आहे.) पुढे जूनच्या अखेरीस मधल्या सुट्टीत मी न्हा त्रांगच्या देवळाचे वर्णन केले. कुणीतरी म्हणाले, म्हणजे तुम्ही तिकडेच होता तर. मी हो म्हटले नाही. नाहीही म्हटले नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसा मी त्या सहा आठवड्यांत जाऊन बसलो. वाचनालयाचे चिटणीस अप्पा यांच्या कानावर गेले व त्यांनी यंदाच्या वसंत व्याख्यानमालेत माझे नाव घातले. हस्तपत्रकावर छापले होते, 'सायगॉन ते हुए : प्रत्यक्ष पाहिलेले नऊ दिवस'. पत्रक घरी आले तेव्हा माझी पत्नी श्यामला म्हणाली, "अहो, निदान कुणी पाहिले ते तरी सांगा." मी म्हणालो, बघू.

काल रविवार, ता. १२ रोजी सायंकाळी सहा वाजता व्याख्यान सुरू झाले. सभागृह भरले होते, दारात माणसे उभी होती. मी पिराजीची चित्रे फळ्यावर मोठी करून काढली. टेबलावर नऊ कागद तांब्याखाली ठेवले होते व मधून मधून मी त्यांत बघत होतो. लोक रंगले होते. खोटे कशाला सांगू, मीही रंगलो होतो.

सुमारे पावणेसात वाजता मी न्हा त्रांगच्या होड्यांवर आलो. त्या बांबूच्या विणलेल्या गोल टोपल्या असतात, बाहेरून शेण आणि झाडाचा डिंक लिंपलेला. पिराजीने लिहिले आहे की अगदी आपल्या धान्याच्या कणगीसारखी, आणि पुढे, सहा वर्षांचा असताना तो रिकाम्या कणगीत लपून झोपी गेला होता ती गोष्ट आहे. आईने विहिरीत गळ टाकून पाहिले होते. तो सापडल्यावर आईने त्याला मारले नाही, पोटाशी धरले, असे त्याने लिहिले आहे. ही गोष्ट मी माझी म्हणून सांगितली. माझ्या मातोश्री असे म्हणालो. आमच्या घरी कणगी कधी नव्हती. वडील वकिलाकडे कारकून होते, धान्य दुकानातून डब्यात येई.

लोक हसले. तेव्हा मागून बायकांच्या बाजूने बायडाबाई उभी राहिली. ती आल्याचे मला माहीत नव्हते. आज पिराजीच्या मुलखावर बोलणार आहेत, असे तिला माझ्या पत्नीने सांगितले होते. सहज सांगितले की मुद्दाम, हे मी पत्नीस विचारलेले नाही.

बायडाबाई म्हणाली, "गुर्जी, ते कनगीतलं पोरगं माझं हाय की."

आवाज मोठा नव्हता, पण सभागृह शांत असल्याने सर्वांना ऐकू गेला. अप्पांनी मला विचारले, "हेर्लेकर, ओळखता का या बाईंना?" मी दोनशे माणसांसमोर म्हणालो, "नाही."

ती पुढे आली. कुणी अडविले नाही, कारण ती पळत नव्हती की ओरडत नव्हती. तिने फळ्याकडे बघितले, मग तांब्या उचलून बाजूला ठेवला, वरच्या कागदाच्या कोपऱ्यातल्या चित्रावर बोट ठेवले आणि नऊही कागद उचलून पदराखाली घेतले. दारात स्वयंसेवकांनी तिचा हात धरला. वक्त्यांचे कागद चोरले म्हणून अप्पांनी फिर्याद दिली. त्यांनी मला विचारून दिली. चौकीवर कागद जप्त झाले आणि मी वर सांगितलेला खोटा जबाब दिला. बायडाबाईने काहीच सांगितले नाही. तिला, घरी जा, उद्या ये, असे सांगितले असता, कागद मिळाल्याशिवाय उठत नाही म्हणून ती व्हरांड्यात बसली. मी तिच्यासमोरून गेलो. माझे पायताण तिच्या लुगड्याला लागले, इतका व्हरांडा अरुंद आहे.

आज सकाळी सहा वाजता पत्नी बायडाबाईसाठी किटलीतून चहा घेऊन चौकीवर आली. घरी परतल्यावर तिने मला सांगितले, "ती तुमच्याबद्दल वावगा शब्द बोलत नाही. म्हणते, गुर्जी एवढ्या मान्सांत भ्याले आसतील." श्यामला एवढे बोलून आत गेली. बायडाबाईने मला शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित आलो नसतो. मला अत्यंत लाज वाटते. (लाजेचा जबाबात उपयोग नाही, असे हवालदार म्हणाले. तरी असू द्यावे.)

मी आल्यावर हवालदारांनी कागद कुणाचे याची खात्री करण्यासाठी दोन पंचांसमोर ते वाचण्यास सांगितले. पंच म्हणून समोरचे चहावाले व एक सायकल दुरुस्तीवाले होते. मी बायडाबाईला बाकावर बसण्याची विनंती केली. ती जमिनीवरच बसली. मी पहिल्या कागदापासून मोठ्याने वाचले व प्रत्येक चित्र तिच्या हातात दिले. सव्वा तास लागला. तिने मध्ये मध्ये विचारले, "मीठ शेतात पिकवत्यात?" "त्या देवीला दहा हात म्हंजे, आपल्या अंबाबाईपरीस जास्ती की." माशाच्या रसाचे ऐकून तिने नाकाला पदर लावला. चहावाले दुकान सोडून शेवटपर्यंत बसले. कणगीची गोष्ट आली तेव्हा, आईने मारले नाही, या वाक्याला ती तोंडावर पदर घेऊन हसली. का हसली ते मला तेव्हा कळले नाही.

नवव्या कागदाशी मी थांबलो व तो टेबलावर ठेवला. हवालदार म्हणाले, द्या, मी वाचतो. बायडाबाई म्हणाली, "न्हाई. गुर्जींनीच वाचायचं." मी वाचले.

 बायडाबाईने विचारले, "कवाचं हाय हे?" मी सांगितले, गेल्या सालच्या फाल्गुनात आलेले. तिने बोटांची पेरे मोजली. चौदा महिने होतात. ती म्हणाली, "म्हंजे त्यो माझ्या एका शब्दासाठी थांबला हुता की हो."  

मग तिने हवालदारांकडे कार्ड मागितले. मी खिशातून पेन काढले. ती म्हणाली, "तुमी लिवू नगा. हवालदारदादा लिवतील." हवालदारांनी तिच्या सांगण्याप्रमाणे लिहिले. लिहून झाल्यावर तिने ते कार्ड माझ्या हातात दिले व म्हणाली, "आता तुमी वाचून दावा. समदं." त्यात पुढीलप्रमाणे मजकूर होता : "पिराजी, ये. तुझी नऊ पत्रं आज ऐकली. आदी कुनी वाचून दावली न्हाईत. मी न्हाई म्हटलं नव्हतं. ये." मी तो पूर्ण वाचून दाखविला. तिने खाली अंगठा केला. पत्ता मात्र मी घातला, कारण तो मला पाठ आहे. कार्ड सकाळच्या टपालात गेले. ते पोचायला तीन आठवडे लागतात. तो येईल की नाही हे मला सांगता येत नाही.

सबब सदर बाईने चोरी केलेली नाही. तिने स्वतःची वस्तू उचलली. ती तिला मिळू नये अशी कृती माझी होती. फिर्याद काढून घेण्यास मी अप्पांना आजच सांगत आहे व हीच हकीकत वाचनालयास आणि हेडमास्तरांस लेखी देत आहे. कपाटातील बाकीची पत्रे पत्नीने पिशवीत घालून चौकीवर आणून दिली आहेत. ती व नऊ निळे कागद बायडाबाईच्या ताब्यात मिळाले. उंदरांसाठी चहावाल्यांनी तिला झाकणाचा पत्र्याचा डबा दिला.

मला वाचता येत असूनही, हा जबाब बायडाबाईसमोर मोठ्याने वाचावा व एकही ओळ गाळू नये अशी मी विनंती केली. त्याप्रमाणे हवालदारांनी तो वाचला. कणगीच्या मजकुराशी बायडाबाईने त्यांना थांबविले व सांगितले, "तितं चुकलंय. म्या मारलं हुतं. चांगलं दोन रट्टे. पोरानं मला बरं वाटावं म्हनून तसं लिवलंय. तेवढं बराबर करा." तिच्या सांगण्यावरून दुरुस्ती करण्यात येत आहे की, पिराजी कणगीत सापडल्यावर आईने त्याला आधी मारले व मग पोटाशी धरले.

एवढ्या दुरुस्तीने जबाब आता खरा आहे.

सही : य. रा. हेर्लेकर
ऐकणार : बायडाबाई गुंडू तेऊरवाडकर, डाव्या हाताचा अंगठा